लोकरीचा गुंडा आणि अहिंसेचे पाच निकष

मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की बाजारपेठेतील अनेक कुटुंबे चार दिवस गावाकडच्या घरी किंवा शेतावर राहावयास जातात. सांगली-कोल्हापूरच्या शिवारात त्या वेळी शाळू डोलत असतो, हरभऱ्याला घाटे धरू लागतात, तारांवर वेडे राघू रांगेने ऊन खात बसतात. नवकारशी पारून झाली की घरातील स्त्रिया अंगणातील कोवळ्या उन्हात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन बसतात. सुलट-उलट टाक्यांच्या त्या संथ लयीत मन आपोआप स्थिर होते. पायाशी कुत्रा पहुडलेला असतो, गोठ्यात गाय रवंथ करीत असते. वर्षभराची धावपळ उतरविणारे हे सुख निर्मळ आहे, आणि ते निर्मळ राहावे यासाठी आपल्या आचारशास्त्राने एक मोजपट्टीही देऊन ठेवली आहे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. येथे वध म्हणजे ठार मारणे नव्हे, तर काठी-चाबकाने मारणे होय. करकचून बांधणे, मारणे, अवयव वा त्वचा कापणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, खाणेपिणे रोखणे, हे पाचही दोष मुख्यतः पाळलेल्या आणि आश्रित जिवांच्या बाबतीत घडतात. ज्याला आपण घरचा म्हणतो, त्याच्याशीच आपण कसे वागतो, हे पाहणारी ही कसोटी आहे.

लोकर कोठून येते?

लोकर आपल्या परंपरेला परकी नाही. श्वेतांबर साधु-साध्वींच्या ओघ्यात आणि कांबळीत तिला स्थान आहे, कारण मेंढी जिवंत असताना तिचे केस कातरून लोकर मिळते. आपल्याकडील दख्खनी मेंढीची लोकर काळी आणि भरड असते. धनगर ती कातरतात, सणगर तिचे सूत चिंचोक्याच्या खळीत भिजवून मागावर घोंगडी विणतात.

आज मुलांच्या स्वेटरसाठी मऊ लोकर हवी असते आणि अशी लोकर बहुधा मेरिनो मेंढीची असते. तिचे मोठे उत्पादन ऑस्ट्रेलियात होते. मेरिनोच्या कातडीला घड्या पडतात. शेपटीजवळच्या ओलसर घड्यांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या मेंढीला जिवंत पोखरतात. हे टाळण्यासाठी कोकराच्या मागील भागाची कातडी पट्ट्यापट्ट्यांनी कापून टाकण्याची प्रथा तेथे रूढ झाली. तिला म्युलेसिंग म्हणतात. छविच्छेद या शब्दाचा अर्थ याहून स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही. न्यूझीलंडने 2018 मध्ये या प्रथेवर बंदी घातली. म्युलेसिंग न केलेल्या मेंढ्यांची लोकर प्रमाणपत्रासह बाजारात मिळते. आपल्या समाजातील अनेक घराणी कापडाच्या व्यापारात आहेत. घाऊक खरेदीच्या वेळी त्यांनी असे प्रमाणपत्र मागितले, तर एका कुटुंबाच्या स्वेटरपेक्षा त्याचा परिणाम कितीतरी मोठा होईल.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेंढपाळाचे उत्पन्न आज मुख्यतः मांसासाठी विकल्या जाणाऱ्या जनावरांवर चालते, लोकरीला दर फारसा नाही. म्हणून नव्या लोकरीबाबत काहींच्या मनाला शंका वाटते आणि ती अनाठायी नाही. बाजारात लोकर म्हणून विकला जाणारा स्वस्त धागा पुष्कळदा ॲक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच असतो. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू सुटून पाण्यात जातात. सुती धागा हा सोपा पर्याय आहे. त्याहून उत्तम मार्ग आपल्या आजींना ठाऊक होता: आखूड झालेला स्वेटर उसवावा, धाग्याची लड करून धुवावी, हलकेसे वजन टांगून वाळवावी आणि पुन्हा गुंडा करून विणावयास घ्यावे. त्यात नवी हिंसा नाही आणि नवा खर्चही नाही.

अंगणातील सोबती

विणकाम दिवसाउजेडीच करावे. संध्याकाळी दिव्यापाशी कीटक जमतात आणि टाकेही चुकतात. उसवलेल्या धाग्याचे तुकडे अंगणात टाकू नयेत, पक्ष्यांच्या पायांत ते गुंतून काचतात. मांजर गुंड्याशी खेळताना पाहून सर्वांना कौतुक वाटते, परंतु गिळलेला धागा तिच्या आतड्यात अडकून जिवावर बेतू शकतो. उठताना गुंडा डब्यात ठेवावा.

कुत्र्यासाठी कांदा-लसूण विषारी असतो. आपल्या स्वयंपाकात ते नसल्याने उरलेली पोळी देण्यात तो धोका नाही. मात्र द्राक्षे आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरू शकतात. सांगली-तासगावच्या बेदाण्याच्या मुलखात हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. पर्युषणात आपण उपवास करतो तो स्वेच्छेने, मुक्या जनावराचे ताट-पाणी मात्र नेहमीच्या वेळीच मिळाले पाहिजे.

या बाबतीत व्यापारी समाजाचा वारसा मोठा आहे. 1832 मध्ये मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा दंगल उसळली. त्यानंतर 1834 मध्ये शेठ मोतीशहा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वर परिसरात पांजरापोळ उभी राहिली. जैन आणि पारशी व्यापाऱ्यांना एकत्र आणणारे निमित्त रस्त्यावरचे कुत्रे होते.

म्हणून शेतावर पिल्लू आणण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. चार दिवसांनी गाडी शहराकडे वळली की त्याच्या वाटीत पाणी कोण घालणार? सुटीपुरता लळा लावून त्याला साखळीला बांधून निघून जाणे, यात बंध आणि अन्नपाननिरोध हे दोन्ही अतिचार एकदम घडतात. गड्याशी पक्की व्यवस्था करावी, त्याला त्याचे वेगळे पैसे द्यावेत, साखळी लांब आणि गळपट्टा सैल ठेवावा, पशुवैद्याचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. एवढे होणार नसेल, तर पिल्लू आणू नये. शेजारच्या कुत्र्याला रोज एक पोळी घालून त्याच्या मैत्रीतच समाधान मानावे.