बिडाच्या ब्लॉकची पारख

परभणी शहरातील जुन्या मोटारींच्या एका कारखान्यात, शर्यतीसाठी जीप सजवू पाहणाऱ्या एका तरुणाकरिता इंजिनाचा ब्लॉक निवडण्याचे काम मला सविस्तर पाहावयास मिळाले. आणि वेगाचे मर्म कार्ब्युरेटर, कॅमशाफ्ट वा सायलेन्सर यांत शोधणाऱ्यांनी प्रथम या ओतीव लोखंडाची कसून तपासणी करावी, हे माझे मत तेव्हापासून दृढ झाले.

जीप होती उंच बॉनेटची सीजे-३बी, विलिसच्या परवान्याने महिंद्रांनी मुंबईत अनेक वर्षे बनविलेली. तिचे हरिकेन इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे आणि अवघ्या ७५ अश्वशक्तीच्या आसपासचे. चिखलाच्या आणि चढणीच्या शर्यतींत उतरावयाचे तर ही ताकद वाढविणे प्राप्त होते, आणि वाढलेला दाब अखेर ज्याच्या भिंती सोसणार तो ब्लॉक निर्दोष असणे त्याहून अगत्याचे होते.

समोर दोन ब्लॉक होते. एक ताज्या रंगाने लखलखणारा, दुसरा गंजलेला आणि तेलकट काजळीने माखलेला. तरुणाचा ओढा साहजिकच पहिल्याकडे होता; परंतु कारखान्याच्या मिस्त्रींनी त्यातील पिस्टनच्या माथ्यावर उमटलेला ४० हा आकडा दाखविला, आणि त्या एका दाखल्याने प्रकरण बदलले. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, किती थाऊ वाढविला आहे ते तो आकडा सांगतो. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ; मूळ ३.१२५ इंचांचा बोअर ४० थाऊ वाढविल्याने इंजिनाचे घनफळ जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढते, भिंत मात्र चहूबाजूंनी २० थाऊ पातळ होते, आणि पुढील बोअरिंगची वाट जवळजवळ बंद होते.

मग गंजलेल्या ब्लॉकची पाळी आली. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसतात; त्यामुळे व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांमधील अरुंद पट्टी सर्वाधिक तापते आणि तडा जाण्याची भीती तेथेच अधिक. मिस्त्रींनी ती जागा घासून डिझेलने भिजविली, कोरडी पुसली, वर खडूची पूड पसरली आणि वाट पाहिली. तडा असता तर त्यात मुरलेले डिझेल झिरपून खडूवर काळसर रेषा उमटली असती. चारही ठिकाणी खडू पांढराच राहिला.

पुढे डायल गेजने प्रत्येक बोअर वर, मध्ये व खाली, क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवा असा मोजला गेला. वरच्या रिंगच्या मुक्कामाजवळ झीज अधिक आढळली, आणि त्यात नवल नाही: आमच्या काळ्या मातीची बारीक धूळ एअर क्लीनरकडे दुर्लक्ष झाले की प्रथम तेथेच सिलिंडर खाते. पाण्याच्या वाटेत तार घालता क्षारांचा जाड थर खरवडून निघाला. रेडिएटरमध्ये बोअरवेलचे जड पाणी ओतण्याच्या शिरस्त्याचे हे फळ. हेडची बैठक मात्र पट्टी व फिलर गेज लावता सरळ निघाली.

ॲल्युमिनियमचा ब्लॉक पुष्कळ हलका, हे खरे. परंतु बिडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंपने शोषली जातात, घर्षणाला थोडे वंगण मिळते, आणि बीड ताठ असल्याने जास्त दाबाखाली सिलिंडरचा आकार टिकतो. बीएमडब्ल्यूच्या ज्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनाने १९८३ साली ब्रॅबहॅमच्या नेल्सन पिके यास फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवून दिले, त्याचा पाया साध्या मोटारीच्या चार सिलिंडरी बिडाच्या ब्लॉकचाच होता. वापरात तापून-निवून अंतर्गत ताण विरलेले बीड हे अशा कामास अधिक विश्वासाचे, ही कारागिरांची धारणा मला पटते.

गंजलेलाच ब्लॉक ठरला. तो २० थाऊंपुरताच वाढवून होन करावयाचा. त्याच्यावरील क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहिला, कारण ब्लॉक बदलला की एमएच-२२ च्या, म्हणजे परभणीच्या, परिवहन कार्यालयात तशी नोंद करणे भाग असते. जुना ब्लॉक घेणाऱ्या प्रत्येकास माझी आग्रहाची विनंती आहे की, बयाणा देण्यापूर्वी पिस्टनवरील आकडा वाचावा, खडूची परीक्षा समक्ष करवून घ्यावी आणि बोअरची मापे लेखी मागावी. विक्रेता त्यास नकार देईल, तर तो सौदा करू नये.