लहान विमानांतील विजेचा चंचल दाब

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर सायंकाळच्या रहदारींत एखादी मालमोटार अडकून उभी राहते. तिच्या दिव्यांचा उजेड क्षणांत मंद, क्षणांत प्रखर होऊं लागला, तर चालक गाडी कडेला घेतो आणि जवळच्या वीजमिस्त्रीला गांठतो. विजेची तीच यंत्रणा लहान विमानांतहि असते. किंबहुना पुष्कळशा लहान विमानांचे अल्टरनेटर मोटारगाड्यांच्या अल्टरनेटरवरूनच बेतलेले आहेत. परंतु आकाशांत रस्त्याची कडा नसते. म्हणून तेथें हीच व्याधि अधिक गांभीर्यानें घ्यावी लागते.

एके काळीं लहान विमानाला विजेची फारशी गरज नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हां त्यांच्या पस मॉथ विमानांत बिनतारी यंत्रहि नव्हतें. एंजिनाला लागणारी ठिणगी मॅग्नेटो नांवाचें स्वतंत्र यंत्र पुरवीत असे. आजहि पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक लहान विमानांत तीच व्यवस्था आहे. त्यामुळें अल्टरनेटर बिघडला म्हणून एंजिन बंद पडत नाहीं. मात्र बारामतीसारख्या ठिकाणीं शिकाऊ वैमानिक ज्या विमानांतून उड्डाण करतात, त्यांतील बिनतारी संभाषण, दिशादर्शक यंत्रें आणि दिवे विजेवरच चालतात. दाब घसरला तर हीं साधनें एकामागून एक मुकीं होतात. दाब भडकला तर तीं जळतात. रात्रीं किंवा ढगांत हा प्रसंग ओढवला तर वैमानिकाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना कोणासहि करतां येईल.

अल्टरनेटरच्या फिरत्या भागावर तारेचें एक वेटोळें असतें. कार्बनच्या ब्रशांतून त्यांत थोडासा प्रवाह सोडला कीं तें चुंबक बनतें, आणि हें चुंबक फिरूं लागलें कीं भोंवतालच्या स्थिर वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. डायोड त्या विजेला एकाच दिशेनें वाहावयास लावतात. एंजिनाची गति वाढली कीं दाब वाढूं पाहतो. दिवे लावले कीं तो घटूं पाहतो. तो स्थिर राखणें हें रेग्युलेटरचें काम होय. रेग्युलेटर दाबाकडे लक्ष ठेवतो आणि त्याप्रमाणें चुंबकाचा प्रवाह कमीअधिक करतो. १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या विमानांत हा दाब सुमारें १४ व्होल्ट, आणि २४ व्होल्टची बॅटरी असलेल्या विमानांत सुमारें २८ व्होल्ट ठेवितात.

आतां समजा, अँमीटरचा कांटा एकसारखा थरथरूं लागला. पहिला संशय रेग्युलेटरवर येतो. तो बदलला जातो. थोडे दिवस बरे जातात आणि कांटा पुनः नाचूं लागतो. मग अल्टरनेटर बदलला जातो. पैसा खर्च होतो, व्याधि मात्र तशीच राहते. असें कां व्हावें?

रेग्युलेटर हा आज्ञाधारक सेवक आहे. परंतु त्याच्याकडे येणारी खबरच खोटी असली तर त्यानें काय करावें? अनेक लहान विमानांत ज्या तारेनें त्याला दाब कळतो, त्याच तारेनें चुंबकाचा प्रवाहहि वाहतो. मुख्य पट्टीपासून रेग्युलेटरपर्यंतच्या या वाटेवर सर्किट ब्रेकर, मुख्य स्विच आणि कित्येक जोड लागतात. वर्षानुवर्षांच्या वापरानें त्यांवर गंज चढतो, पकड सैल होते आणि प्रत्येक ठिकाणीं थोडथोडा रोध उत्पन्न होतो. घरांतील सैल प्लग गरम होतो तो याच कारणानें. या वाटेवरचा एकूण रोध ०.२ ओहम आणि प्रवाह ३ अँपिअर असला, तर ०.६ व्होल्टची तूट पडते. पट्टीवर १४ व्होल्ट असतांना रेग्युलेटरला १३.४ च दिसतात. तो प्रवाह वाढवितो. प्रवाह वाढतांच तूटहि वाढते आणि खबर अधिकच खोटी होते. अखेर दाब फार वर गेला कीं तो हात आंखडता घेतो. प्रवाह घटतो, तूट नाहींशी होते आणि दाब एकदम चढलेला दिसतो. मग तो आणखी आंखडता घेतो. हाच झोका कांट्याच्या थरथरीच्या रूपानें दिसतो.

याची परीक्षा सोपी आहे. एंजिन बंद ठेवून मुख्य स्विच व अल्टरनेटरचा स्विच चालू करावा. बॅटरीचा दाब ठरलेल्या दाबाहून कमी असल्यानें रेग्युलेटर चुंबकाला भरपूर प्रवाह देऊं लागतो. अशा स्थितींत व्होल्टमीटरचें एक टोंक मुख्य पट्टीवर व दुसरें रेग्युलेटरच्या आगमन-टोंकावर लावावें. कांहीं दशांश व्होल्टची तूट दिसली, तर दोष वाटेवर आहे. नंतर एकेक जोड तपासत गेलें कीं अपराधी सांपडतो. रेग्युलेटर व अल्टरनेटर यांचे जमिनीचे जोडहि असेच पाहावेत. वाट निर्दोष ठरली, तरच झिजलेले ब्रश, सैल पट्टा किंवा निकामी डायोड यांकडे वळावें. डायोड गेला असेल तर बहुधा बिनतारी यंत्रांत एंजिनाच्या गतीबरोबर चढणारा कर्कश स्वर ऐकूं येतो. भारतांत नोंदलेल्या विमानावर ही दुरुस्ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानाधारक अभियंत्यानेंच प्रमाणित करावयाची असते.

हाच बिघाड उड्डाणांत झाला तर? दाब सुमारें १६ व्होल्टच्या, किंवा मोठ्या बॅटरीच्या विमानांत ३२ व्होल्टच्या आसपास चढला, कीं संरक्षक यंत्र अल्टरनेटर आपोआप तोडतें. विमानाच्या पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें तो पुनः चालू करून पाहावा. तो पुनः तुटला, तर बंदच ठेवावा, अनावश्यक उपकरणें मालवावींत आणि जवळचें विमानतळ गांठावें. चांगली बॅटरी, भार कमी केल्यास, साधारण अर्धा तास साथ देते. परंतु जुन्या बॅटरीवर तेवढाहि भरंवसा टाकूं नये. जमिनीवर असतांना जोड साफ करण्यास घालविलेली एक दुपार या अर्ध्या तासाहून पुष्कळ स्वस्त पडते.