मोट, उद्वाहन आणि अंतराळ

नीरेच्या काठी वसलेल्या अकलूजला भार वर उचलण्याचे शास्त्र नवे नाही. नीरा उजव्या कालव्याचे पाणी या परिसरात खेळू लागण्यापूर्वी शेतीची भिस्त विहिरीवर आणि विहिरीची भिस्त मोटेवर होती. मोट ओढणारे बैल सपाट जमिनीवरून चालत नसत. ते धावेच्या उतारावरून खाली जात. भरलेली मोट वर येत असता बैलांच्या शक्तीला त्यांच्या वजनाचीही जोड मिळावी, हा त्यातील हेतू होता. एक भार वर न्यावयाचा तर दुसरा भार खाली येऊ द्यावा, हे सूत्र येथील शेतकऱ्याने पुस्तकावाचून जाणले होते. दवाखान्यात रुग्णाला तिसऱ्या मजल्यावर नेणारी लिफ्ट, म्हणजेच शासकीय परिभाषेतील उद्वाहन, याच सूत्रावर चालते.

अकलूजला २०२१ साली नगरपरिषद मिळाली. गावाचे नगर होऊ लागले की इमारती उंच होतात आणि उद्वाहन ही चैन राहत नाही. वृद्ध, रुग्ण, गर्भवती स्त्रिया व दिव्यांग व्यक्ती यांच्यासाठी ती गरज ठरते. मात्र या यंत्राविषयी अनेकांच्या मनात नको तेथे भीती आणि हवी तेथे बेफिकिरी असते. म्हणून त्याची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

कारखान्यातील रहाटगाडगे

अकलूजच्या सहकार महर्षी शंकरराव मोहिते पाटील सहकारी साखर कारखान्यामुळे हा परिसर साखरेच्या नकाशावर ठळकपणे आला. साखर कारखान्यातील कामगारांना ‘एलिव्हेटर’ हा शब्द परिचित असतो. तयार साखर चाळण्यांपर्यंत वर नेण्यासाठी साखळीला किंवा पट्ट्याला बादल्या जोडलेले उभे यंत्र असते. बादल्या खाली साखर भरून घेतात, वर रिकाम्या होतात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात. उतरणाऱ्या रिकाम्या बादल्या चढणाऱ्या बादल्यांचे वजन तोलून धरतात. त्यामुळे यंत्राला मुख्यतः साखरेचाच भार उचलावा लागतो. हे रहाटगाडगेच होय; फक्त पाण्याच्या जागी साखर आणि बैलाच्या जागी वीज आली.

पाळणा आणि प्रतिभार

माणसांच्या उद्वाहनात पोलादी दोरांच्या एका टोकाला पाळणा आणि दुसऱ्या टोकाला प्रतिभार असतो. मधला दोर माथ्यावरील खाचा असलेल्या चाकावरून जातो. चाक फिरले की घर्षणामुळे दोर सरकतो. पाळणा वर जातो, तेव्हा प्रतिभार खाली येतो. उदाहरणार्थ, पाळणा ८०० किलोचा आणि त्याची क्षमता ६०० किलोची असेल, तर प्रतिभार सुमारे १,१०० किलोचा ठेवतात. पाळणा निम्मा भरला की दोन्ही बाजू समतोल होतात. तो पूर्ण भरला तरी मोटारीला १,४०० किलो नव्हे, तर केवळ ३०० किलोंचा फरक ओढावा लागतो. विजेची मोठी बचत होते ती यामुळेच.

दोर तुटला तर?

हा प्रश्न सर्वांनाच पडतो. पाळणा एका दोरावर नव्हे, तर अनेक दोरांवर टांगलेला असतो आणि त्यांची एकत्रित ताकद प्रत्यक्ष भाराच्या कितीतरी पट ठेवलेली असते. तरीही सुरक्षिततेची अखेरची मदार दोरावर नसते. १८५४ साली न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात एलिशा ओटिस या कारागिराने स्वतः उंच फळीवर उभे राहून तिचा दोर सर्वांसमक्ष तोडावयास लावला. फळी किंचित खाली सरकली आणि जागीच थांबली. दोराचा ताण जाताच स्प्रिंग मोकळी होऊन दातेरी रुळांत अडकण्याची व्यवस्था त्याने केली होती. १८५७ साली त्याच शहरातील एका दुकानात त्याचे प्रवासी उद्वाहन सुरू झाले. आजच्या उद्वाहनात पाळण्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की वेगनियंत्रक पाळण्याखालील जबड्यांना चाळवतो आणि ते दोन्ही बाजूंचे उभे रूळ घट्ट पकडतात.

वीज गेली म्हणजे पाळणा कोसळेल, ही भीतीही निराधार आहे. ब्रेक उघडा ठेवण्यासाठी वीज लागते. वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने तो आपोआप बसतो. पाळणा अडकेल, परंतु पडणार नाही. खरा धोका दारापाशी आहे. पाळणा मजल्यावर नसताना त्या मजल्याचे दार उघडता कामा नये, अशी कुलपाची योजना असते. ते कुलूप झिजले किंवा कोणी त्यात ढवळाढवळ केली, तर पुढे केवळ रिकामी खोल पोकळी उरते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या पाळण्यातून उडी मारून बाहेर पडण्याचा प्रयत्नही जिवावर बेतू शकतो.

अंतराळाचा दोर

दोराला पाळण्याचाच नव्हे, तर स्वतःचाही भार पेलावा लागतो. उत्तम प्रतीची पोलादी तार सरळ टांगली, तर सुमारे २५ किलोमीटर लांबीनंतर ती आपल्याच वजनाने तुटेल. असे असता अंतराळापर्यंत उद्वाहन नेता येईल काय?

रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्की यांनी १८९५ साली आयफेल मनोऱ्यावरून स्फूर्ती घेऊन अंतराळापर्यंत पोहोचणाऱ्या मनोऱ्याची कल्पना मांडली. १९६० साली आर्त्सुतानोव्ह यांनी मनोऱ्याऐवजी वरून सोडलेला दोर सुचविला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने एकाच जागी स्थिर दिसतो. आपले इन्सॅट उपग्रह याच कक्षेतले. तेथून एक दोर जमिनीपर्यंत सोडावा आणि दुसरा भाग वजनासह बाहेरच्या बाजूस लांबवावा. खालचा भाग गुरुत्वाकर्षण ओढील, वरचा भाग पृथ्वीच्या परिवलनामुळे बाहेर ताणला जाईल आणि दोर ताठ उभा राहील. प्रतिभाराचे सूत्र येथेही तेच! या उद्वाहनात दोर स्थिर राहील आणि पाळणा चाकांनी त्यावर चढेल. ताशी २०० किलोमीटर वेगाने गेला, तरी त्या कक्षेत पोहोचण्यास साडेसात दिवस लागतील.

अडचण दोराची आहे. पोलाद येथे अपुरे पडते. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडून आशा आहे; परंतु हजारो किलोमीटर लांबीचा तसा निर्दोष दोर अद्याप कोणी विणलेला नाही.

दक्षता हाच आधार

अंतराळाचे उद्वाहन अजून दूर आहे. इमारतीतले मात्र रोजच्या वापरात आहे. मुंबई प्रांतात १९३९ पासून उद्वाहनांसाठी कायदा होता. त्याची जागा महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्याने घेतली. उद्वाहन उभारण्यापूर्वी परवानगी आणि चालविण्यापूर्वी परवाना आवश्यक आहे. नियतकालिक तपासणी ही केवळ कागदोपत्री बाब समजू नये. गृहसंस्थांनी व दवाखान्यांनी दारांची कुलपे, ब्रेक व दोर यांची देखभाल जाणकारांकडूनच करून घ्यावी. नागरिकांनी क्षमतेहून अधिक माणसे चढू देऊ नयेत, आग लागल्यास जिन्याचाच वापर करावा आणि पाळणा अडकल्यास धोक्याची घंटा वाजवून शांतपणे मदतीची वाट पाहावी.

मोटेवरचा शेतकरी बैल जुंपण्यापूर्वी नाडा हाताने चाचपून पाहत असे. विहिरीची खोली त्याला ठाऊक होती. उंच इमारतीत राहणाऱ्यांनी त्याची ती सवय सोडता कामा नये.