बॅटरी १२.७ दाखवते, पण खरंच फुल आहे का?

आजचा विषय आहे घरातली इन्व्हर्टरची बॅटरी. लाईट गेल्यावर ती किती साथ देईल, हे आर्डुइनो उनोने आधी कळू शकतं का? कळतं, पण आकडा वाचता यायला हवा. कोड जेमतेम दहा ओळींचा आहे, खरी मेख मोजण्यात आहे.

आधी इन्व्हर्टर बंद करा आणि बॅटरीच्या तारा सोडवा. आता जोडणी. उनोच्या ॲनालॉग पिनला ५ व्होल्टपेक्षा जास्त द्यायचं नाही आणि आपली लेड-ॲसिड बॅटरी १२ व्होल्टची. म्हणून मध्ये दोन रेझिस्टर घ्यायचे: प्लसकडून ३० किलोओहम, त्यापुढे मायनसपर्यंत १० किलोओहम. दोघांच्या जोडावर बॅटरीचा चौथा हिस्सा मिळतो. तो जोड ए-० पिनला आणि बॅटरीचा मायनस उनोच्या ग्राउंडला. प्लसच्या तारेत, बॅटरीच्या अगदी जवळ, छोटा फ्यूज हवाच. या बॅटरीची दोन टोकं चुकून जुळली तर तार क्षणात लाल होते.

आता हिशोब. उनो ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो. समजा पिनवर ६५० आले. ६५० गुणिले ५, भागिले १०२४, म्हणजे साधारण ३.१७. त्याला ४ ने गुणलं की १२.७ व्होल्ट. काही तास आराम दिलेल्या बॅटरीसाठी १२.७ म्हणजे फुल, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी.

बघा, फुल आणि निम्मी यांच्यात फरक फक्त अर्ध्या व्होल्टचा! आणि आपण मोजतोय त्या ५ व्होल्टच्या पट्टीने. पण यूएसबीतून प्रत्यक्षात ४.८ च येत असतील तर? पट्टीच आखूड झाली ना! मग बॅटरी १२.२ वर असली तरी पिनवर ६५० च येतात आणि कोड म्हणतो १२.७. निम्मी बॅटरी स्क्रीनवर फुल!

यावर उपाय सोपा आहे. उनोच्या ५ व्होल्ट पिनवर मल्टीमीटर लावा, जो आकडा येईल तोच कोडमध्ये ५ च्या जागी टाका. एका रीडिंगवर विसंबू नका, वीस घेऊन सरासरी काढा.

'आराम दिलेली' हे मी मुद्दाम म्हणालो. चार्जिंग चालू असताना व्होल्टेज १३.५ च्या वर जातं, लोड असताना खाली बसतं. दोन्ही वेळी त्यावरून टक्के काढले तर ते खोटे निघतात.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. व्होल्टेजवरून बॅटरी किती भरली आहे ते कळतं, तिच्यात मुळात किती मावतं ते नाही. जुनी बॅटरीही आरामात १२.७ दाखवते आणि लाईट गेली की अर्ध्या तासात मान टाकते. म्हणून फुल बॅटरीला गाडीचा १२ व्होल्ट, ५५ वॉटचा बल्ब लावा. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो. दर दहा मिनिटांनी रीडिंग नोंदवा. १५० अँपिअर-अवरची धडधाकट बॅटरी दोन तासांत फारशी हलत नाही. तुमची भराभर घसरली, तर समजा तिचे दिवस भरलेत.

घरात कुणाचं ऑक्सिजनचं मशीन किंवा नेब्युलायझर याच बॅटरीवर चालत असेल, तर ही चाचणी पावसाळ्याआधीच करून घ्या. भेटू पुढच्या भागात!