मातीविना विजया? जेऊरच्या एका खोलीच्या निमित्ताने

जेऊर नावाची गावे सोलापूर जिल्ह्यात आणि शेजारीही आहेत. आम्ही लिहीत आहोत ते करमाळा तालुक्यातील, पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर. एका बाजूला उजनी जलाशयाचे पसरलेले पाणी, त्यावर पोसलेला ऊस आणि केळी. दुसऱ्या बाजूला पावसाची वाट पाहणारा जिरायती माळ. येथील एका तरुण वैद्यांच्या औषधालयात गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस आम्ही गेलो होतो. वडिलांच्या काळी वनस्पती वाळविण्यासाठी वापरात असलेली मागची खोली त्यांनी आम्हांस दाखविली. भिंतींना चकचकीत रुपेरी कागद, छताला टांगलेले दिवे, जमिनीवर भोके पाडलेल्या पांढऱ्या नळ्या आणि एक छोटा पंप. सर्व सिद्धता झाली होती, फक्त बी पडावयाचे होते.

"सर, माझ्या रुग्णांपुरतीच विजया इथे बियांपासून वाढवली, तर हरकत काय?" त्यांनी विचारले.

प्रश्न हौसेपोटी आलेला नव्हता. ग्रहणीच्या काही जुन्या रुग्णांना ते जातीफलादि चूर्ण देत. त्यातील भांगेची पाने ज्या व्यापाऱ्याकडून येत, तेथून एकदा बुरशी लागलेला माल आला, एकदा भलताच पाला मिसळलेला. तिसऱ्या वेळी पानांत फुलोऱ्याचे शेंडे मिसळलेले असावेत. नेहमीच्याच मात्रेची पुडी घेतलेला एक वृद्ध शेतकरी रात्रभर भ्रमात होता; छाती धडधडते, आता मी मरणार, असे म्हणत त्याने घर जागविले. सकाळी तो सावरला, परंतु त्या दिवसापासून वैद्यांनी ते चूर्ण बंद केले. आपलेच रोप, आपलीच खोली, प्रत्येक वेळी सारखेच वीर्य, असा त्यांचा विचार होता. त्यामागील तळमळ आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. तरीही आमचे उत्तर नकारार्थी होते, आणि ते सविस्तर द्यावे लागले. असेच प्रश्न इतरही सभासदांकडून येतात, म्हणून हा लेख.

गैरसमजाचे मूळ आपल्याच एका सवलतीत आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३३-ईईसीनुसार स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास उत्पादन परवान्याची अट लागू होत नाही. ही सवलत मोलाची आहे. लहान गावांतील औषधालये तिच्यावरच उभी आहेत. मात्र ती औषध बनविण्यापुरती आहे, कच्चे द्रव्य पिकविण्याशी तिचा काही संबंध नाही. भांगेचे झाड लावण्याचा प्रश्न १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली येतो. त्याच्या कलम ८ ने कॅनाबिसच्या कोणत्याही झाडाची लागवड प्रतिबंधित केली आहे. वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनाचा अपवाद त्या कलमात आहे खरा, पण तो कायद्याने ठरविलेल्या रीतीने, म्हणजे परवान्यानेच मिळतो. 'मी वैद्य आहे' एवढे म्हटल्याने तो मिळत नाही. लागवडीस परवानगी देण्याचा व तिचे नियमन करण्याचा अधिकार कलम १० अन्वये राज्य शासनाकडे आहे. विनापरवाना लागवडीस कलम २० प्रमाणे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड उसाच्या फडात लपविलेले आहे की दिव्याखाली नळीत उभे आहे, याने कायद्याच्या दृष्टीने काही फरक पडत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद औषधालयांच्या चालकांनी नीट लक्षात घ्यावा. याच अधिनियमाच्या व्याख्येत चरस आणि गांजा येतात. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे वा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया व्याख्येतून वगळल्या आहेत. २०२२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर याच व्याख्येचा आधार घेतला होता. म्हणून पान वेगळे आणि झाड वेगळे. परंतु याचा अर्थ पाने मोकळी झाली असा नव्हे. महाराष्ट्रात त्यांचा प्रश्न १९४९ च्या दारूबंदी कायद्याकडे जातो आणि संबंध राज्य उत्पादन शुल्क विभागाशी येतो. ज्या औषधालयात भांगेची पाने साठविली जातात, तेथे परवाना, खरेदीची पावती व साठ्याची नोंदवही असलीच पाहिजे. व्यापाऱ्याच्या मालात शेंडे मिसळलेले असतील, तर वृद्ध रुग्णाचा जीव आणि वैद्याचे स्वातंत्र्य ही दोन्ही एकाच पुडीत धोक्यात येतात.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी द्रव्याचा प्रश्न उरतोच. बियांपासून सारखेच वीर्य मिळेल, ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. या वनस्पतीत नर व मादी झाडे वेगळी असतात आणि प्रत्येक बी थोडे निराळे निघते. नेदरलँड्समध्ये २००३ पासून औषधविक्रेत्यांमार्फत दिले जाणारे औषधी कॅनाबिस बंदिस्त जागेतच पिकविले जाते. तेथील उत्पादक बेड्रोकॅन एकसारखेपणासाठी बियांऐवजी मातृरोपांच्या छाट्यांवर विसंबतो, आणि माल प्रयोगशाळेत मोजल्यावाचून बाहेर जात नाही. त्यांच्या एका प्रकारात मदकारी घटक, म्हणजे टीएचसी, सुमारे २२ टक्के असतो. तो फुलोरा आहे. आपल्या ग्रंथकारांच्या डोळ्यांपुढे जी विजया होती, ती मुख्यतः पानांची. तिच्यात हे प्रमाण कितीतरी कमी. बंदिस्त लागवडीसाठी परदेशात विकसित केलेल्या वाणांचे बी आणून त्यावर शार्ङ्गधराची मात्रा लावणे म्हणजे गुंजेच्या मापाने वत्सनाभ द्यावयाचे आणि काटा मात्र दुसऱ्याच दुकानाचा वापरावयाचा, असे होईल.

ग्रंथांचे म्हणणे थोडक्यात आठवू. शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भंगा आणि अहिफेन यांची नावे घेतली आहेत. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात तिला तिक्त, ग्राही, पाचनी, लघु, उष्ण, पित्तल आणि मोह-मद वाढविणारी म्हटले. रसतरंगिणीने तिची गणना उपविषांत केली, आणि आजच्या औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्येही ती अहिफेन, धत्तूर, वत्सनाभ यांच्या पंक्तीत आहे. या अनुसूचीतील द्रव्य असलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापणे उत्पादकास बंधनकारक आहे. द्रव्यगुणाच्या पाठ्यग्रंथांत शोधित पानांच्या चूर्णाची मात्रा १ ते २ गुंजा, म्हणजे १२५ ते २५० मिलिग्रॅम सांगतात.

शोधनाविषयी एक गोष्ट आम्ही आग्रहाने मांडू इच्छितो. ती काहींना रुचणार नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत पोटलीत धुणे, वाळविणे आणि गोघृतात मंद भाजणे, ही आपली रूढ प्रक्रिया. पाण्याने धूळ, रंग आणि जलविद्राव्य अंश निघून जातात. परंतु मदकारी अंश रालेत असतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. उलट ताज्या व वाळलेल्या पानांत हा घटक प्रामुख्याने आम्लरूपात असतो व त्या रूपात तो मद आणीत नाही. उष्णतेने त्याचे मदकारी रूपात परिवर्तन होते, आणि स्नेहात तो सहज उतरतो. तेव्हा घृतभर्जनाने विजया निर्मद होते असे गृहीत धरून मात्रा वाढविणाऱ्यांनी थांबावे. शोधनाचे प्रयोजन व्यापक आहे, पण शोधित म्हणजे सौम्य हे समीकरण या द्रव्यास लागू पडत नाही.

मग वैध विजया मिळणार कोठून? उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीस परवाने देण्यास आरंभ केला. तेथे टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के आहे. कुमाऊंच्या घराघरांत भांगेच्या बियांची चटणी होते, जशी आपल्याकडे शेंगदाण्याची. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बी, बियांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यताही दिली. मात्र बी पौष्टिक असले तरी विजयापत्राच्या जागी चालत नाही. पानांच्या अर्कापासून बनविलेली औषधे आयुष परवान्याखाली काही उत्पादक बनवितात व ती वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. त्यांची किंमत जेऊरच्या ग्रहणीरुग्णाच्या आवाक्याबाहेर जाते, हे खरे. तरीही ज्या बाटलीवर घटकाचे प्रमाण छापलेले आहे व चाचणीचा अहवाल मागता येतो, तिला आम्ही अज्ञात पोत्यापेक्षा श्रेयस्कर मानतो.

आता राहिली ती सज्ज खोली. ती मोडून टाका, असे आम्ही म्हटले नाही. मातीविना शेतीला हायड्रोपोनिक्स हे नाव १९३७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिक यांनी रूढ केले. भारतात १९४६ पासून कालिंपाँग येथे शोल्टो डग्लस यांनी खडी व वाळू वापरून साधी, स्वस्त पद्धत बसविली. ती 'बंगाल पद्धती' म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे वीज गेली की पातळ प्रवाहाच्या नळ्यांतील मुळे काही तासांतच सुकू लागतात. ओलावा धरून ठेवणाऱ्या वाळू-खडीत तेवढी घाई नसते. जेऊरसाठी आम्हांस तीच पद्धत अधिक व्यवहार्य वाटते.

परंतु लावावयाचे काय? येथे चरकांचा प्रश्न पुढे येतो. कल्पस्थानाच्या आरंभी भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे भेद सांगून, कोणत्या भूमीतील व कोणत्या ऋतूतील कोणता अवयव घ्यावा हे ठरवून दिले आहे. ज्या रोपाला भूमीच नाही, त्याची परीक्षा कशी करावी? अश्वगंधेसारखे मूळ या पद्धतीने घ्यावे, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. तिला हलकी, कोरडी जमीनच हवी. ब्राह्मीची गोष्ट मात्र वेगळी आहे. आम्ही येथे जलनिंब म्हणतो आहोत, मंडूकपर्णी नव्हे. ती आनूप देशाचीच, चिखल-पाण्यात वाढणारी. आणि उजनीच्या काठी ती गोळा करणाऱ्यांनी हे पाणी कोठून येते ते आठवावे. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे भीमेत आणि तेथून या जलाशयात उतरते. ब्राह्मी पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू आपल्या अंगात साठविते, हे संशोधनांतून वारंवार दिसले आहे. आपल्या औषधिसंहितेच्या मर्यादेत शिसे १० आणि कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष एवढेच चालते. मेध्य म्हणून बालकाला द्यावयाचे द्रव्य अशा काठावरून खुडून आणणे आम्हांस धास्तीचे वाटते. या एका वनस्पतीपुरती तरी स्वच्छ द्रावणाची खोली काठापेक्षा अधिक 'प्रशस्त भूमी' ठरेल, असे आमचे मत आहे.

प्रत्यक्षात अडचणी आल्याच. विंधनविहिरीचे पाणी जड, त्यामुळे सामू वर सरकत राहिला. तो साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान धरण्यासाठी पावसाळ्यात छपराचे पाणी साठवून त्यात मिसळावे लागले. कॅल्शियमची खते आणि सल्फेट-फॉस्फेटची खते एकाच घट्ट द्रावणात कालवल्याने तळाशी पांढरा गाळ बसला. तेव्हापासून दोन वेगळ्या बरण्या आहेत. एप्रिलमध्ये द्रावण तापले, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने मुळे तपकिरी पडली, आणि पहिली खेप गेली. टाकी जमिनीत पुरून तिच्यावर ओले पोते घातल्यावर दुसरी तगली. छाटे लावल्यापासून कापणीपर्यंत पाणी, खत आणि तारीख यांची नोंद एका वहीत आहे. तीत एक रकाना अद्याप रिकामा आहे, धातूंच्या चाचणीचा. नमुना प्रयोगशाळेकडे पाठविला आहे. विजयेच्या पानांसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करावयाचा अर्जही त्यांनी लिहून ठेवला आहे आणि ग्रहणीच्या रुग्णांना तूर्त ते कुटजारिष्ट व तक्रकल्पावर ठेवतात. तो वृद्ध शेतकरी महिन्यातून एकदा येतो आणि पुडी हातात घेण्यापूर्वी 'त्यातलं नाही ना?' असे अजून विचारतो.