हवेतून खत : एका रासायनिक समतोलाची गोष्ट

1898 साली ब्रिस्टलच्या भाषणात विल्यम क्रुक्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं धोक्याची घंटा वाजवली. युरोपातल्या शेतीला नायट्रोजन पुरवणारा नायट्रेटचा क्षार चिलीच्या वाळवंटातून बोटींनी येत होता आणि ते साठे कधी ना कधी संपणार होते. हवेत नायट्रोजनला तोटा नव्हता. हवेचा 78 टक्के भाग तोच. पण पिकांना तो थेट घेता येत नाही. त्याचा हायड्रोजनशी संयोग घडवून अमोनिया करायला हवा. कागदावर हे एका ओळीचं काम : नायट्रोजनचा एक रेणू, हायड्रोजनचे तीन, त्यांतून अमोनियाचे दोन. प्रत्यक्षात ही अभिक्रिया पुरी होतच नाही. अमोनिया तयार होऊ लागतो, तसा तो फुटूनही जाऊ लागतो.

दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अशा अभिक्रियांना रिव्हर्सिबल म्हणतात. सुरुवातीला सरळ अभिक्रिया वेगात असते. कच्चा माल घटतो तसा तिचा वेग मंदावतो आणि उत्पादित वाढतं तसा उलट अभिक्रियेचा वेग चढतो. दोन्ही वेग सारखे झाले, की मिश्रणातलं प्रमाण बदलायचं थांबतं. हाच रासायनिक समतोल. दादरला लोकलच्या डब्यात जितके चढले तितकेच उतरले, तर गर्दी तेवढीच राहते, माणसं मात्र बदललेली असतात. समतोलातही रेणूंची ये-जा अखंड चालू असते. या प्रमाणाला गणिती नियम असतो, हे नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी 1864 मध्ये मांडलं.

हा समतोल डोळ्यांनी पाहता येतो. काचेच्या बंद नळीत तांबूस-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड वायू असतो. त्याचे दोन-दोन रेणू जोडले जाऊन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड हा रंगहीन वायू बनतो आणि तो पुन्हा तुटतोही. नळी बर्फाच्या पाण्यात धरा : तपकिरी रंग फिका पडत जातो. गरम पाण्यात धरा : रंग गडद होतो. परत बर्फात, परत फिका. नळीत काही घातलं नाही, काढलं नाही. जोडणी होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून थंडाव्यात जोडणीचं पारडं जड होतं आणि उष्णतेत तुटण्याचं.

फ्रान्सच्या ल शातेलिए यानं 1884 मध्ये यातून सर्वसाधारण तत्त्व काढलं : समतोलातल्या मिश्रणाची परिस्थिती बदलली, की तो बदल कमी होईल त्या बाजूला समतोल सरकतो. अमोनियाला हे लावून पाहू. चार रेणूंचे दोन होतात, म्हणजे दाब वाढवला की अमोनिया वाढेल. अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते, म्हणजे तापमान कमी ठेवणं फायद्याचं. खरी अडचण इथेच आहे. नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध इतका घट्ट, की थंड मिश्रणात अभिक्रिया जवळजवळ हलतच नाही. 200 वातावरण दाबाला 300 अंश सेल्सियसवर समतोलात 60 टक्क्यांहून अधिक अमोनिया असतो, 500 अंशांवर तो साधारण 18 टक्क्यांवर येतो. उत्प्रेरकानं अभिक्रिया लवकर समतोलाला पोचते, पण समतोलाची जागा हलत नाही. तो दोन्ही दिशांचे वेग सारखेच वाढवतो.

जर्मनीत कार्ल्सरूहला फ्रिट्झ हाबर आणि त्याचा सहकारी रॉबर्ट ल रोसिन्योल यांनी समतोलाशी झगडा मांडला नाही. एका फेरीत थोडाच अमोनिया होणार, हे धरूनच त्यांनी उपकरण रचलं. तापलेल्या, दाबाखालच्या वायूंना ऑस्मियम या उत्प्रेरकावरून नेलं, मिश्रण थंड करून अमोनिया द्रवरूपात वेगळा केला आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडले. अमोनिया काढून घेतला, की उरलेलं मिश्रण समतोलापासून दूर जातं आणि पुढच्या फेरीत नवा अमोनिया बनवतं. 2 जुलै 1909 रोजी बीएएसएफ कंपनीच्या आल्विन मिटाशसमोर द्रव अमोनिया थेंबाथेंबानं जमू लागला.

कारखाना उभारणं बीएएसएफच्याच कार्ल बॉशकडे आलं. दाबाखालचा तप्त हायड्रोजन पोलादातला कार्बन खाऊन टाकी आणि जाड नळकांडी फुटत. बॉशनं आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन निसटून जाई. मिटाशनं हजारो चाचण्यांनंतर दुर्मिळ ऑस्मियमऐवजी स्वस्त लोखंडाचा उत्प्रेरक शोधला. 1913 मध्ये ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. वर्षभरातच पहिलं महायुद्ध पेटलं आणि हाच अमोनिया जर्मनीच्या स्फोटकांसाठी वापरला गेला. 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथल्या क्लोरीन वायूच्या हल्ल्यामागेही हाबरच होता. या माणसाच्या कामाचं मोल करताना दोन्ही गोष्टी सांगायलाच हव्यात.

आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न या अमोनियापासून बनलेल्या खतांवर अवलंबून असल्याचा अंदाज आहे. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात बनणारा युरियाही याच अभिक्रियेतून येतो. लोखंडाच्या उत्प्रेरकाला अजूनही सुमारे 400 ते 500 अंश तापमान लागतं आणि हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूतून काढावा लागत असल्यानं कार्बन डायऑक्साइडही भरपूर बाहेर पडतो. कमी तापमानात वेगानं काम करणारा उत्प्रेरक मिळाला, तर अमोनियाचं प्रमाण वाढेल आणि इतक्या दाबाचीही गरज उरणार नाही. जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्या मागे आहेत. अकरावी-बारावीच्या मुलांना ल शातेलिएचं तत्त्व दोन गुणांसाठी पाठ करायला लावण्याऐवजी हा न सुटलेला प्रश्न त्यांच्यासमोर ठेवावा. तो सोडवायला लागणारं पहिलं ज्ञान त्यांच्या पाठ्यपुस्तकात आहेच.