राजचिन्ह दिसतं जुनं, पण त्याची तारीख कुठली?

संशोधनात येऊ पाहणाऱ्या मित्रांनो, प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटलीवर तारीख नसेल तर आपण तो नमुना वापरत नाही. जुन्या वस्तू आणि चिन्हांच्या बाबतीत मात्र हा नियम सहज सुटतो. बडोद्याच्या गायकवाडांचं राजचिन्ह घेऊन बघूया.

गायकवाड मूळचे पुणे जिल्ह्यातल्या दावडीचे. १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर दमाजींना शाहू महाराजांकडून ‘समशेर बहादूर’ हा किताब मिळाला. घराण्याचं ब्रीद आहे ‘जीन घर, जीन तख्त’. जीन म्हणजे घोड्याचं खोगीर. खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन! ढालीच्या राजचिन्हासोबत हे ब्रीद वाचलं की वाटतं, सगळं दमाजींपासून असंच चालत आलंय.

इथे थांबायचं. ढालीवर कुळाची चित्रं आणि सोबत ब्रीदाची पट्टी, ही पद्धत युरोपातल्या सरदारांची. इंग्लंडपासून हंगेरीपर्यंत ती सापडते. मराठी राज्यात अधिकाराची खूण होती शिक्का. पत्राच्या माथ्यावर मुद्रा, शेवटी मोर्तब. मोर्तब झालं की पत्र पुरं झालं, त्याखाली कोणी ओळ घुसडू शकत नसे.

मग ढाल आली कुठून? १ जानेवारी १८७७ ला लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं. त्या वेळी संस्थानिकांना देण्यासाठी युरोपीय धाटणीची चिन्हं असलेले मोठे रेशमी ध्वज बनवले गेले. ती चिन्हं आखली बंगालमधला सनदी अधिकारी रॉबर्ट टेलर याने. घराण्याच्या दंतकथा, पराक्रम, मुलूख यांतून त्याने चित्रं निवडली. दत्तक जाऊन दोन वर्षंही न झालेले सयाजीराव तेव्हा चौदाव्या वर्षात होते. तेही या दरबाराला हजर होते.

मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड कोन यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात यावर बोट ठेवलं. पूर्वी नजराणा आणि खिलत यांची देवाणघेवाण राजा आणि सरदाराचं नातं जोडायची. ध्वज हातात देऊन इंग्रजांनी त्या नात्याची व्याख्याच बदलली.

म्हणजे एकाच चिन्हात तीन तारखा असू शकतात: किताबाची, ब्रीदाची आणि ढालीची. किताब १७२० चा म्हणून ढाल १७२० ची होत नाही. ब्रीद अठराव्या शतकातलं म्हणायचं असेल, तर त्याच शतकातला कागद दाखवावा लागेल. ‘घराण्यात पूर्वीपासून आहे’ हे उत्तर व्हायवामध्ये टिकत नाही.

सराव म्हणून आपल्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचं चिन्ह घ्या. चित्र, ब्रीद आणि मांडणी वेगळी करा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: याचा सगळ्यात जुना तारखेचा पुरावा कोणता?